लिनक्स प्रणाली व दृष्टिहीनांचा संगणकवापर

लिनक्स ही मुक्त परिचालन प्रणाली दृष्टिहीन व्यक्तींनी कशी आत्मसात केली, तीत स्वतःच्या गरजेनुसार कोणत्या सोयी निर्माण केल्या आणि त्या सोयी मराठी भाषकांपर्यंत कितपत पोहोचल्या, याचा इतिहास संगणकविद्येइतकाच अंधशिक्षणाच्या इतिहासातही महत्त्वाचा आहे. परिचालन प्रणाली म्हणजे संगणकाचे सर्व भाग चालविणारी आणि वापरणाऱ्याच्या आज्ञा त्यांच्यापर्यंत नेणारी मूलभूत आज्ञावली. लिनक्सची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता व वाटता येते. या एका गुणामुळे दृष्टिहीन व्यक्ती केवळ तयार साधनांच्या ग्राहक न राहता त्या साधनांच्या कर्त्या बनू शकल्या. मात्र हे कर्तृत्व मोजक्या व्यक्तींच्या श्रमांवर उभे राहिले असल्याने ते नेहमी काहीसे असुरक्षितही राहिले.

पार्श्वभूमी : अंधांच्या वाचनलेखनाचा पाया लुई ब्रेल (१८०९–५२) यांच्या सहा टिंबांच्या लिपीने घातला. सहा टिंबांच्या उठाव असण्या-नसण्यातून ६३ चिन्हे तयार होतात. टिंब आहे किंवा नाही, ही या लिपीची रचना संगणकाच्या द्विमान पद्धतीशी मुळातच जुळणारी आहे. म्हणून पुढे दोन टिंबे वाढवून २५६ चिन्हांची संगणकीय ब्रेल तयार करणे सोपे झाले. महाराष्ट्रात अंधशिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये तेथे अंधशाळा काढली व १९०२ मध्ये व्हिक्टोरिया स्मारक अंधशाळा सुरू झाली. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही अखिल भारतीय संस्था १९५२ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. त्यापूर्वी भारतात निरनिराळ्या ब्रेल पद्धती प्रचलित होत्या. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच पद्धती मान्य झाली. तीत समान उच्चाराच्या अक्षराला सर्व भाषांत एकच चिन्ह असते आणि व्यंजनानंतर स्वर, या उच्चारक्रमाने लेखन होते. ‘कि’ लिहिताना डोळस मनुष्य वेलांटी आधी काढतो. भारती ब्रेलमध्ये आधी ‘क’ व मग ‘इ’ येते. ही बाब पुढे संगणकावरील मराठीच्या संदर्भात महत्त्वाची ठरली.

ब्रेल पुस्तके आकाराने अवजड आणि संख्येने थोडी. त्यामुळे उच्च शिक्षण घेणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला कोणीतरी पुस्तक वाचून दाखविणे, हाच मुख्य आधार होता. वाचक मिळेल तेव्हा व तो वाचील ते शिकावयाचे, ही परावलंबी स्थिती बदलण्याची शक्यता बोलणाऱ्या संगणकाने प्रथम निर्माण केली.

पडदावाचकाचा उदय : संगणकाच्या पडद्यावरील मजकूर कृत्रिम वाणीत उच्चारणाऱ्या किंवा ब्रेल पट्टीवर उमटविणाऱ्या आज्ञावलीला पडदावाचक, रूढ भाषेत स्क्रीन रीडर, म्हणतात. १९८० नंतरच्या दशकातील डॉस प्रणालीत पडद्यावर केवळ अक्षरे असत. त्या काळी पडदावाचकाचे काम तुलनेने सरळ होते : पडद्यावरील अक्षरे संगणकाच्या स्मृतीतून उचलावयाची व वाक्‌संश्लेषकाकडे पाठवावयाची. अमेरिकेतील टेड हेंटर या दृष्टिहीन अभियंत्याने १९८७ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेतून ‘जॉज’ हा प्रसिद्ध पडदावाचक पुढे आला.

चित्रमय पडदा व माउस यांचा प्रसार होताच ही सरळता संपली. स्मृतीत आता अक्षरे नव्हे, तर रंगबिंदू होते. चित्र, खिडकी आणि बाण यांच्या साहाय्याने डोळसांसाठी सोपा झालेला संगणक दृष्टिहीनांसाठी अवघड झाला. विंडोज प्रणालीसाठी पडदावाचक तयार झाले. पण जॉजसारख्या आज्ञावलीची किंमत दीर्घकाळ एक हजार अमेरिकन डॉलरांच्या आसपास होती. भारतातील बहुसंख्य दृष्टिहीन विद्यार्थ्यांना ती परवडणे शक्य नव्हते. शिवाय तिची संहिता बंद असल्याने तीत नवी भाषा घालणे अथवा दोष दुरुस्त करणे उत्पादकाच्या इच्छेवर अवलंबून राही.

लिनक्सचा आरंभ : रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला व फिनलंडमधील लायनस टॉरव्हॉल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या संयोगातून बनलेली प्रणाली युनिक्सच्या घडणीची होती. युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत झाला. त्या काळी संगणकाशी संवाद दूरमुद्रकावरून होई. मनुष्याने एक ओळ टंकावयाची व यंत्राने कागदावर ओळीने उत्तर छापावयाचे, अशी ही पद्धत होती. कागद व वेळ वाचावा म्हणून आज्ञा आखूड व उत्तरे त्रोटक ठेवण्यात आली. ही मितभाषी रचना अंधांसाठी केलेली नव्हती. तथापि ओळीमागून ओळ येणारा मजकूर कानाला व बोटाला जसा मानवतो, तसा अनेक खिडक्यांचा पडदा मानवत नाही. जुन्या यंत्राच्या मर्यादेतून आलेला गुण अशा रीतीने दृष्टिहीनांच्या उपयोगी पडला.

या पायावर पहिली दोन महत्त्वाची साधने उभी राहिली. निखिल नायर यांनी १९९५ मध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ ही आज्ञावली लिहिण्यास प्रारंभ केला. ती लिनक्सच्या अक्षर-पडद्याची स्मृती थेट वाचते आणि तीतील मजकूर ब्रेल पट्टीवर, म्हणजे खालीवर होणाऱ्या टिंबांच्या ओळीवर, उमटविते. दुसरे साधन ‘स्पीकअप’. कॅनडातील दृष्टिहीन प्रणालीकार कर्क रायझर व त्यांचे सहकारी यांनी ते लिनक्सच्या गाभ्यालाच जोडले. त्यामुळे बाह्य वाक्‌संश्लेषक जोडलेला असल्यास संगणक सुरू होतानाचे संदेशही ऐकता येऊ लागले. स्पीकअप अनेक वर्षे गाभ्याबाहेरची भर म्हणून जतन करावे लागले. २०१० च्या सुमारास त्याला गाभ्याच्या प्रायोगिक विभागात व २०२० मध्ये मुख्य विभागात स्थान मिळाले.

टी. व्ही. रामन यांचे कार्य : या इतिहासातील सर्वांत मूलगामी विचार पुण्यात वाढलेल्या एका गणितज्ञाने मांडला. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ मध्ये पुण्यात झाला. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. इतरांकडून पुस्तके वाचवून घेत त्यांनी शिक्षण चालू ठेवले आणि पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतली. पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत, म्हणजे आयआयटीत, त्यांनी गणित व संगणकविज्ञान यांचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. तेथील शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात त्यांनी ‘काँग्रॅट्स’ ही आज्ञावली तयार केली. गणितातील वक्ररेषा ध्वनीच्या रूपाने ऐकविणे, हे तिचे कार्य होते. ज्या गोष्टीला केवळ डोळ्यांचा विषय मानले जाई, तीतील अर्थ दुसऱ्या इंद्रियाकडे कसा न्यावा, हा त्यांच्या पुढील संशोधनाचा प्रश्न येथेच दिसतो.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डेव्हिड ग्राइस यांच्या मार्गदर्शनाखाली रामन यांनी १९९४ मध्ये डॉक्टरेट मिळविली. त्यांच्या ‘ॲस्टर’ या प्रणालीत गणिती मजकूर वाणीत रूपांतरित होई. घातांकासाठी स्वराची पट्टी बदलणे, कंसातील भाग वेगळ्या स्वरात म्हणणे, लांब समीकरणाची आधी रूपरेषा व नंतर तपशील ऐकविणे, अशा युक्तींनी समीकरणाची रचना कानाला कळे. प्रणालीचे नाव त्यांच्या मार्गदर्शक कुत्रीवरून योजलेले होते. या प्रबंधाला असोसिएशन फॉर कंप्यूटिंग मशिनरी या संस्थेचा उत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार लाभला.

एप्रिल १९९५ मध्ये त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ प्रसिद्ध केली. ईमॅक्स हा स्टॉलमन यांचा मजकूर-संपादक. पण त्यात पत्रव्यवहार, दिनदर्शिका, आज्ञावली-लेखन अशी बहुतेक कामे करता येतात. पडदावाचक पडद्यावर जे उमटले ते वाचतो. ईमॅकस्पीक मात्र आतील माहितीच विचारून घेते. दिनदर्शिकेचे उदाहरण बोलके आहे. पडद्यावर एका चौकोनात केवळ ‘१’ हा आकडा असतो. डोळस मनुष्याला वरचा वार व महिना एकाच दृष्टिक्षेपात कळतात. सामान्य पडदावाचक ‘एक’ एवढेच म्हणून थांबतो. ईमॅकस्पीक त्या ठिकाणी वार, तारीख, महिना व वर्ष असे पूर्ण उत्तर देते. पडद्याचे वर्णन न करता अर्थ सांगावयाचा, या तत्त्वाचे विवेचन रामन यांनी श्राव्य संवादपद्धतीवरील आपल्या १९९७ च्या ग्रंथात केले. ईमॅक्सची संहिता खुली नसती, तर तिच्या प्रत्येक क्रियेला अशी वाणी जोडणे बाहेरच्या व्यक्तीला शक्य झाले नसते.

अध्ययनाची पद्धत : दृष्टिहीन विद्यार्थ्याचे लिनक्सचे अध्ययन बहुधा कळफलकापासून सुरू होते. इंग्रजी ‘एफ’ व ‘जे’ या कळांवरील बारीक उंचवटे ही बोटांची खूण. भारत सरकारने प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट रचनेत याच कळांवर ऱ्हस्व वेलांटी व ‘र’ येतात. तीत स्वर डाव्या हाताला व व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला असल्याने ती स्पर्शाने शिकण्यास सुलभ आहे.

यानंतर आज्ञा येतात. डोळस विद्यार्थी फोल्डर उघडून सर्व नावांवरून नजर फिरवितो. कानाने शिकणाऱ्याला अशी नजर नाही. ‘एलएस’ ही आज्ञा दिल्यावर तीनशे नावे एकामागून एक ऐकू येऊ लागली, तर पहिले नाव शेवटपर्यंत लक्षात राहत नाही. म्हणून तो थोडे मागण्यास शिकतो. ‘एलएस’चे उत्तर ‘डब्ल्यूसी’ या मोजणाऱ्या आज्ञेकडे वळविले की केवळ संख्या ऐकू येते. तेच ‘ग्रेप’कडे वळविले की हव्या शब्दाची नावे तेवढी निवडून मिळतात. नावाची पहिली दोनतीन अक्षरे टंकून टॅब कळ दाबली की उरलेले नाव यंत्रच पूर्ण करते. एका आज्ञेचे उत्तर दुसरीला देण्याची ही सोय युनिक्सच्या रचनेतच आहे. डोळसाला ती चातुर्याची वाटते, तर दृष्टिहीनाला ती नजरेच्या जागी उपयोगी पडते. प्रश्न नेमका विचारला तरच उत्तर ऐकण्याजोगे येते, हा या अध्ययनाचा पहिला धडा होय.

ऐकण्याचेही स्वतंत्र शिक्षण लागते. लिनक्समध्ये लहान व मोठी इंग्रजी अक्षरे भिन्न मानली जातात. त्यासाठी पडदावाचक मोठ्या अक्षराला स्वर चढवितो. आज्ञेतील एक टिंब, आडवी रेघ किंवा मोकळी जागा चुकली तर अर्थ बदलतो. म्हणून विरामचिन्हे कधी बोलवावयाची व कधी गप्प ठेवावयाची, याची निवड शिकावी लागते. सराव झालेला विद्यार्थी सामान्य बोलण्याच्या कित्येक पट वेगाने ऐकतो. नवख्या डोळस व्यक्तीला तो आवाज गुणगुणल्यासारखा वाटतो. अशा वेगात मानवी वाटणाऱ्या मधुर आवाजापेक्षा ‘ईस्पीक’सारख्या यांत्रिक, पण स्पष्ट आवाजाला अनेक अनुभवी वापरकर्ते पसंती देतात.

प्रणालीच्या रचनेच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात, ही आणखी एक सोय. डोळस व्यक्ती ज्या बदलासाठी चौकटी व बटणे शोधते, तो बदल दृष्टिहीन विद्यार्थी एक ओळ वाचून व सुधारून करतो. ओळीवार काम करणारा ‘एड’ हा जुना संपादक डोळसांनी केव्हाच मागे टाकला. परंतु जी ओळ मागावी तेवढीच तो देतो. त्याच्या धर्तीवर कार्ल डाल्के या दृष्टिहीन प्रणालीकाराने ‘एडब्राउज’ हा संपादक व जालवाचक रचला. ‘मॅन’ या आज्ञेने प्रत्येक आज्ञेची माहिती यंत्रातूनच वाचता येते व तिच्यासाठी आंतरजालाची जोडणी लागत नाही. अडचण एवढीच की ही माहिती इंग्रजीत व पूर्वज्ञान गृहीत धरून लिहिलेली असते.

या मार्गातील सर्वांत कठीण पायरी पहिली असते. संगणक बोलू लागेपर्यंत तो बोलत का नाही, हे ऐकता येत नाही. बाह्य वाक्‌संश्लेषक असताना यंत्र सुरू होताच वाणी मिळे. ही उपकरणे महाग होती आणि ती ज्या अनुक्रमी जोडबिंदूला लावली जात, तो नव्या संगणकांतून नाहीसा झाला. त्यांची जागा घेणाऱ्या ईस्पीकसारख्या आज्ञावलींचा आवाज संगणकाचा ध्वनिविभाग नीट चालू झाल्यावरच निघतो. एखाद्या अद्ययावतीकरणात तो बिघडला, तर दोष सांगणारा संदेश पडद्यावर असूनही विद्यार्थ्याला शेजारच्या डोळस व्यक्तीला हाक मारावी लागते. डेबियन या प्रणालीच्या २०१३ च्या सातव्या आवृत्तीत प्रारंभीच ‘एस’ अक्षर व एंटर कळ दाबून बोलती स्थापना सुरू करण्याची सोय झाली. दृष्टिहीन व्यक्ती कोरा संगणक कोणाच्याही मदतीशिवाय स्वतः तयार करू शकली, या दृष्टीने या छोट्या सोयीचे मोल मोठे आहे.

चित्रमय पडदा आणि ‘ऑर्का’ : सर्वसामान्य वापरासाठी लिनक्सवरही चित्रमय पडदा आला. त्यांपैकी गनोम या पडद्यासाठी २००० नंतर सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या पुढाकाराने एक निश्चित व्यवस्था आखण्यात आली. प्रत्येक खिडकीने व बटणाने आपले नाव, प्रकार व स्थिती पडदावाचकाला कळवावी, असा तिचा आशय होता. सन कंपनीतील मार्क मुलकाही या दृष्टिहीन अभियंत्याने ऑर्का या पडदावाचकाचा आरंभ केला व २००६ मध्ये तो गनोमचा अधिकृत भाग झाला. त्यामुळे उबंटूसारख्या लोकप्रिय प्रणालीबरोबर पडदावाचक विनामूल्य व आधीच बसविलेला मिळू लागला.

२०१० मध्ये सन कंपनी ओरॅकल कंपनीने विकत घेतली आणि या कामावरील अभियंत्यांचा गट विस्कळित झाला. पुढील वर्षी गनोमची रचना पूर्णपणे बदलली व दृष्टिहीनांच्या अनेक सोयी काही काळ कोलमडल्या. जोनमेरी डिग्ज यांनी ऑर्काचा भार सांभाळला. पडद्याच्या व्यवस्थेत ‘वेलंड’ ही नवी पद्धती आल्यावर हाच अनुभव पुन्हा आला. सुरक्षिततेसाठी तीत एका आज्ञावलीला दुसरीच्या कळा पाहता येत नाहीत. परंतु पडदावाचकाचे काम नेमके त्यावरच चालते. २०२३ मध्ये जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने गनोमला दिलेल्या दहा लाख यूरोंच्या निधीतून इतर कामांबरोबर या दुरुस्तीलाही साहाय्य झाले. खुल्या संहितेमुळे कंपनी गेली तरी आज्ञावली नष्ट झाली नाही. पण ती जिवंत ठेवण्यासाठी माणसे व पैसा लागतोच, हे या घटनांनी दाखविले.

दृष्टिहीनांसाठी स्वतंत्रपणे जुळविलेल्या लिनक्स प्रणालीही निघाल्या. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी आपल्या दृष्टिहीन पत्नीच्या नावाने ‘आड्रियाने’ हा बोलता संच रचला. इंग्लंडमध्ये ‘व्हिनक्स’ तयार झाली. केरळात शालेय संगणकशिक्षण मुक्त प्रणालींवर आधारलेले असल्याने तेथे पोषक वातावरण लाभले व ‘ॲक्सेसिबल कोकोनट’ ही प्रणाली निर्माण झाली. जॉन बॉयर या अंध व बधिर प्रणालीकाराने सुरू केलेल्या ‘लिबलुई’ या संग्रहाने मजकुराचे ब्रेलमध्ये रूपांतर होते. त्यात मराठीचेही कोष्टक असून इतर प्रणालींवरील पडदावाचकही तो वापरतात.

मराठीचा प्रश्न : मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रणाली बोलकी असणे पुरेसे नाही, मजकूरही तिला कळणारा असावा लागतो. संगणकावर दीर्घकाळ मराठी मुद्रण झाले ते विशिष्ट टंकसंचांत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसविलेले असत व वेलांटी दिसते त्याप्रमाणे व्यंजनाआधी साठविली जाई. डोळ्याला तो मजकूर शुद्ध मराठी दिसे. पडदावाचक मात्र त्यातून निरर्थक इंग्रजी अक्षरे वाची. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात देवनागरीला स्वतःची स्थाने मिळाली व व्यंजनानंतर स्वर हा उच्चारक्रम मान्य झाला. भारती ब्रेलचा क्रमही हाच असल्याने युनिकोडमधील मराठी वाणीत व ब्रेलमध्ये नेणे सुकर झाले. साताऱ्याजवळच्या वाई येथे सिद्ध झालेला आणि १९७६ पासून खंडशः प्रसिद्ध होत गेलेला मराठी विश्वकोश आंतरजालावर युनिकोडमध्ये आल्यावर त्याचे अवजड खंड कानाने वाचता येऊ लागले, हे या बदलाचे जवळचे उदाहरण होय. याउलट जुन्या टंकसंचांतील असंख्य मराठी फाइली आणि केवळ चित्ररूपाने साठविलेली पुस्तके दृष्टिहीनांना बंदच राहिली आहेत.

उच्चारांचा प्रश्नही उरतो. ‘चहा’ व ‘चाक’ यांतील ‘च’ वेगळे आहेत; लिपीत तो भेद नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग, यांतील भेद लिपीत असूनही अनेक वाक्‌संश्लेषकांना साधत नाही. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आरंभ झालेल्या ‘ध्वनी’ या मुक्त वाक्‌संश्लेषकात मराठीचा समावेश झाला; ईस्पीकमध्येही मराठी आहे. मद्रासच्या आयआयटीच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी मिळून भारतीय भाषांसाठी अधिक नैसर्गिक आवाज तयार केले. तथापि वेगाने ऐकता येईल, शुद्ध बोलेल व साध्या संगणकावर चालेल, असा मराठी आवाज विकसित करण्याचे काम अपुरे आहे.

महाराष्ट्रातील स्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख होती. महाराष्ट्रात मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात २००३ मध्ये स्थापन झालेल्या साधनकेंद्रासारख्या संस्थांनी दृष्टिहीनांच्या संगणकशिक्षणाला चालना दिली. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात अपंगांसाठी पुस्तकांचे वाचनीय रूपांतर करण्याची मुभा मिळाली आणि २०१४ मध्ये याच विषयावरील माराकेश कराराला अनुसमर्थन देणारा भारत पहिला देश ठरला. मुंबईतील दृष्टिहीन संगणकतज्ञ कृष्णकांत माने यांनी मुक्त प्रणालींचा प्रसार केला आणि ‘जीएनयूखाता’ या मुक्त हिशेब-आज्ञावलीच्या निर्मितीचे नेतृत्व केले. दृष्टिहीन व्यक्तीने केवळ दृष्टिहीनांसाठी नव्हे, तर सर्व व्यापाऱ्यांच्या उपयोगाची आज्ञावली रचावी, ही गोष्ट लक्षणीय आहे.

असे असले तरी दृष्टिहीनांचे संगणकशिक्षण मुख्यतः विंडोज प्रणालीवरच होते व त्याला सबळ कारणे आहेत. कार्यालयांत तीच प्रणाली असते, शिक्षक तीच जाणतात आणि २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने आरंभिलेला ‘एनव्हीडीए’ हा पडदावाचक तेथे विनामूल्य मिळतो. त्याचीही संहिता खुली आहे. त्यामुळे विनामूल्य म्हणून लिनक्स शिकावे, हा पूर्वीचा युक्तिवाद आता पुरेसा राहिलेला नाही. दुसरीकडे भ्रमणध्वनीवरील अँड्रॉइड प्रणालीचा गाभा लिनक्सच आहे. २००९ मध्ये तीत ‘टॉकबॅक’ हा पडदावाचक आला. अँड्रॉइडवरील आरंभीच्या अशा कामात गूगल कंपनीत गेलेल्या रामन यांचाही वाटा होता. लिनक्सचे नावही न ऐकलेले असंख्य दृष्टिहीन लोक अशा प्रकारे त्याचा वापर करतात. पण वापर म्हणजे अध्ययन नव्हे. भ्रमणध्वनीवर प्रणालीचा अंतर्भाग उघडून दुरुस्त करण्याची संधी सहसा मिळत नाही.

खरी उणीव शिक्षकांची व मराठी पाठ्यसाहित्याची आहे. कोयना खोऱ्यातील पाटणसारख्या डोंगराळ तालुक्यातील दृष्टिहीन विद्यार्थ्याला विशेष शिक्षणासाठी पुण्या-मुंबईकडे पाहावे लागते. जुना संगणक, ईस्पीकचा आवाज व यंत्रातच असलेली माहिती एवढ्या सामग्रीवर लिनक्सचे प्राथमिक अध्ययन घरीही शक्य आहे. त्यासाठी पडद्याचे वर्णन न करता कळा, आज्ञा व ऐकू येणारी उत्तरे यांच्या क्रमाने लिहिलेले मराठी पुस्तक हवे. ‘उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातील निळ्या चिन्हावर क्लिक करा’ असे सांगणारे पाठ्यपुस्तक युनिकोडमध्ये असले तरी अशा विद्यार्थ्याला निरुपयोगीच होय.

मूल्यमापन : दृष्टिहीनांसाठी लिनक्स सर्वांत सोपी प्रणाली आहे, असे म्हणता येत नाही. बदलांच्या प्रत्येक लाटेत तिच्यावरील सोयी मोडल्या व पुन्हा बांधाव्या लागल्या. तथापि तिच्या इतिहासात रायझर, रामन, मुलकाही, डाल्के, बॉयर अशी दृष्टिहीन कर्त्यांची परंपरा दिसते. विंडोजवरील हेंटर व करन हेही दृष्टिहीनच. पण त्यांना बंद प्रणालीच्या बाहेरून काम करावे लागले. लिनक्समध्ये मात्र स्पीकअपसारखी भर थेट गाभ्यात जाऊ शकली. ब्रेल लिपीचे यश ती एका अंध तरुणाने स्वतःच्या बोटांच्या अनुभवातून घडविली, यात होते. पुस्तक वाचून दाखविणाऱ्याची वाट पाहणारा विद्यार्थी आणि वाचनाचे साधन स्वतः दुरुस्त करणारा विद्यार्थी यांच्यातील अंतर एका पिढीत ओलांडता येते, हे या इतिहासाने सिद्ध केले आहे. मराठी भाषकांत ते अंतर किती जण ओलांडतील, हे मराठी आवाज, मराठी मजकूर व मराठी शिक्षक यांच्या उपलब्धतेवर अवलंबून राहील.